लुआच्या हाती ऑब्जेक्ट देताना भाटकार, म्हणजे मालक, कोण ते ठरवा

सी प्लस प्लस आणि लुआ दोन्ही जुजबी येतात असं धरून लिहितोय. मेटाटेबल, युजरडेटा नवे असतील तर आधी लुआचं मॅन्युअल वाचा, छोटंच आहे. ही भाषा १९९३ साली रिओत जन्मली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र, हे मला आजोबांनी सांगितलं.

पर्वरीतली माझी पहिली नोकरी, गेमचं काम. पात्रं व्हेक्टरमध्ये होती, प्रत्येकाचा पॉइंटर युजरडेटात घालून मी स्क्रिप्टला दिला. डेमो चालला. पुढे पात्रं वाढली आणि गेम कोसळू लागला, तोही दर वेळी भलत्याच ओळीवर. चवथीला घरी गेलो तरी डोक्यात तेच.

व्हेक्टरला जागा पुरेनाशी झाली की तो सगळं बिऱ्हाड नव्या जागी हलवतो. लुआकडे राहतो जुन्या घराचा पत्ता, आणि तिला ते कळायला मार्ग नसतो. मग मी जीसी मेटामेथडमध्ये (लुआचा गार्बेज कलेक्टर युजरडेटा गोळा करताना बोलावतो ते फंक्शन) डिलीट घातलं. ते आणखी वाईट! एकच पात्र दोनदा पुश केलं तर दोन युजरडेटा होतात, दोघांचं जीसी चालतं आणि एकच ऑब्जेक्ट दोनदा मोडला जातो. कलेक्टर त्याच्या सवडीनं येतो, म्हणून चूक एकीकडे आणि क्रॅश दुसरीकडे.

जमीन भाटकाराची, तिच्यावर नुसता राहतो तो मुंडकार. प्रत्येक क्लाससाठी मालक कोण हे आधी लिहून काढा. मालक सी प्लस प्लस असेल तर युजरडेटात वीक पॉइंटर (मालकी न घेता ऑब्जेक्टवर नजर ठेवणारा) ठेवा, दर कॉलला ऑब्जेक्ट जिवंत आहे का बघा, नसेल तर लुआची एरर द्या. मात्र लुआ सी म्हणून कंपाइल केली असेल तर ती एरर लाँगजंप करते, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून थेट उडी मारते, आणि वाटेतले डिस्ट्रक्टर चालत नाहीत. मालक लुआ असेल तर ऑब्जेक्ट युजरडेटाच्याच जागेत बांधा. जीसीत फक्त डिस्ट्रक्टर बोलवा, डिलीट कधीच नको, ती मेमरी लुआची आहे. वीक पॉइंटरलाही डिस्ट्रक्टर असतो, त्यालाही जीसी लागतं. हे मी विसरलो होतो.

सी प्लस प्लस आणि लुआ जोडून देणारी सोल टूसारखी लायब्ररी चांगलीच आहे, पण आधी एक क्लास हातानं बांधा. नुसता पॉइंटर दिलात तर तीही त्याची मालकी घेत नाही. आणि 'चालतंय ना, मग हात लावू नको' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. माझे तीन आठवडे त्यातच गेले.

कोसळलं म्हणून खचू नका, सगळ्यांचं कोसळतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून बिल्ड करा आणि दर फ्रेमला कलेक्टर पूर्ण चालवा. गेम रांगेल, पण मेमरी कुठे सुटली आणि नंतर कोणी हात लावला, दोन्ही ओळी समोर येतील.