इथला 'रास्ता रोको' : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

आपल्याकडे रास्ता रोको म्हटलं की सकाळी ताब्यात, संध्याकाळी सुटका, असा साधारण हिशेब. तो इथे लावू नका.

१५ एप्रिल २०२४ ला एकाच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, ओकलंडचा इंटरस्टेट ८८० (इंटरस्टेट म्हणजे देशभराच्या जाळ्यातला मोठा महामार्ग) आणि शिकागोत ओहेअर विमानतळाकडे जाणारा रस्ता आंदोलकांनी अडवला. ओहेअरचे प्रवासी बॅगा ओढत महामार्गावरून चालत निघाले. असं काही घडलं की मागणी होते : जी राज्यं रस्ते मोकळे ठेवत नाहीत, त्यांचा महामार्ग निधी कापा.

निधीच का? कारण राज्याच्या पोलिसांना केंद्र हुकूम सोडू शकत नाही, पैसा मात्र अडवू शकतं. तुम्ही भरलेल्या प्रत्येक गॅलन गॅसमागे (म्हणजे पेट्रोलमागे) १८.४ सेंट केंद्राचा कर असतो. जवळजवळ सगळा हायवे ट्रस्ट फंडात, म्हणजे केंद्राच्या रस्त्यांसाठीच्या निधीत जातो. इंटरस्टेटच्या कामांचा साधारण ९० टक्के खर्च केंद्र उचलतं. दारू घेण्याचं किमान वय २१ झालं ते याच नाकदाबीने. १९८४ चा कायदा म्हणाला, वय वाढवा नाहीतर निधी गमवा. साउथ डकोटात १९ वर्षांच्या मुलांना ३.२ टक्क्यांची बिअर मिळायची. ते राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं. मात्र अट स्पष्ट हवी, रस्त्यांशी संबंधित हवी आणि कपात गळा आवळणारी नको, हेही कोर्टाने सांगितलं.

ही ओढाताण केंद्र आणि राज्यांची. तुम्हाला लागू होतो तो राज्याचा कायदा, आणि तो राज्याची हद्द ओलांडली की बदलतो. न्यूयॉर्कमध्ये रहदारी अडवणं हा किरकोळ गुन्हा, जास्तीत जास्त १५ दिवस. टेक्सासमध्ये १८० दिवसांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. ॲम्ब्युलन्स किंवा हॉस्पिटलचं दार अडलं तर थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. टेनेसीने २०२४ मध्ये महामार्ग अडवणंच फेलनी केलं.

रस्त्यात अडकलात तर गाडीतच थांबा. शोल्डरवरून (रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून) पुढे घुसू नका, ती वाट ॲम्ब्युलन्स आणि पोलिसांची. इंटरस्टेटवर रिव्हर्स घेणं किंवा मधली पट्टी ओलांडून वळणं म्हणजे दंड ठरलेलाच. रस्त्याची स्थिती बहुतेक राज्यांत ५११ या फोन नंबरवर कळते. ९११ फक्त जीवावर बेतलं तर. बर्फात इंजिन चालू ठेवाल तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत भरतो.

फुटपाथवर फलक घेऊन उभं राहणं वेगळं, लेनमध्ये उतरणं वेगळं. पोलिसांनी पांगण्याचा आदेश दिला की मोबाइलवर शूटिंग करत रेंगाळणाराही उचलला जातो. आणि इथेच एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी) व्हिसावाल्यांची गफलत होते : 'केस तर सुटली!' पण व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात शिक्षेबरोबर अटकेबद्दलही विचारतात. आरोप मागे घेतले असले तरी उत्तर 'हो'च द्यायचं. लपवलेलं सापडलं तर अटकेपेक्षा ते जास्त महागात पडतं. अटकेनंतर पासपोर्टवरचा व्हिसा रद्दही होऊ शकतो, मग भारतात गेल्यावर नवा घेतल्याशिवाय परत येता येत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा, आणि केसच्या निकालाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या क्लार्ककडून घेऊन ठेवा. ग्रीन कार्डाच्या वेळीही ती मागतात.