दोघांसाठी बैठा खेळ निवडताना

खोक्यावर ‘२ ते ४ खेळाडू’ लिहिलंय म्हणून खेळ दोघांत रंगेलच असं नाही. ज्यात सौदेबाजी किंवा तिसऱ्याविरुद्ध युती असते, ते खेळ दोघांत फिके पडतात; कटान या सौदेबाजीच्या खेळाचा मूळ संच तर ३-४ जणांचाच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घरात असेल तर भाग्यच, पण १२० गोल पानांचा तो डावही सहसा तिघांचा. त्यापेक्षा मुळातच दोघांसाठी बेतलेले खेळ बघा: जयपूर, पॅचवर्क, हाइव्ह.

माझं मत हाइव्हला, कारण कोकणातला पावसाळा. दमट हवेत पुठ्ठ्याचे बोर्ड वाकतात, पत्ते एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते ती वेगळीच. हाइव्हला बोर्डच नाही, नुसत्या जाडजूड षटकोनी सोंगट्या. ओटीवर, पडवीत कुठेही मांडा. पागोळ्यांचं पाणी उडालं तर पुसून घ्या. पत्त्यांचा खेळ घेतलात तर पानांना प्लास्टिकची पाकिटं चढवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लाइट गेल्यावर खेळायचं असेल तर बारीक अक्षरांचे खेळ नकोत.

दोघांतला एकच सतत जिंकत असेल, तर बुद्धिबळाऐवजी थोडा नशिबाचा भाग असलेला खेळ आणा. आणि पैसे घालण्याआधी वाघबकरी खेळून बघा की! खडूने पट आखायचा, सुपाऱ्या वाघ, चिंचोके बकऱ्या. प्रत्येक डावानंतर बाजू मात्र बदला, दोन्हींचे डावपेच अगदी निराळे असतात.