पणजोबा जर्मनच्या लढाईत होते? शोध घेताना या चुका टाळा

सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या घरांमधून पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसांची माहिती गोळा करायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. दर महिन्याला कोणीतरी फोन करतं, पणजोबांची माहिती काढायचीय म्हणतं, आणि तोवर तीन-चार चुका करून बसलेलं असतं. त्यातल्या दोन चुका इतक्या वेळा बघितल्यात की त्या नीट विस्ताराने सांगतो, बाकीच्या थोडक्यात.

पहिली चूक: पदक घासणं

ही आधी सांगतोय कारण ही चूक झाली की पुन्हा दुरुस्त होत नाही. चांदीचं गोल पदक घरात असतं, एका बाजूला पाचव्या जॉर्जचा दाढीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस आणि 1914, 1918 ही सालं. लोक हे दोन्ही बघतात, फोटो काढतात आणि मला पाठवतात. खरी माहिती असते कडेवर. नाण्याला जिथे खाचा असतात ना, त्या जागी बारीक इंग्रजी अक्षरात सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. बहुतेक घरांना हे शंभर वर्षं माहीतच नसतं.

खटावकडच्या एका गावात गेलो होतो. घरातली आजी ऐंशीच्या पुढची, पदक देव्हाऱ्यात ताम्हनात ठेवलेलं, वर हळदीकुंकू. दर दसऱ्याला शस्त्रपूजा करताना विळा, कोयता, पहार यांच्याबरोबर पदकपण निघायचं, आधी चिंच लावायची, मग रांगोळीने घासायचं, मग पूजा. आजी लग्न होऊन आल्यापासून हे करत होत्या आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. किती मायेने केलेलं असणार ते सगळं. पण पदक हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, आणि बोटाला काहीच लागेना, पार गुळगुळीत. राजाचा चेहरासुद्धा नुसता उंचवटा राहिला होता.

त्या घरातून दोघं भाऊ गेले होते, धोंडी आणि रामा. एक परत आला, एक आला नाही. पदक एकच उरलंय आणि घरात दोन मतं, आजी म्हणायच्या हे न आलेल्याचं, त्यांचे पुतणे म्हणत होते परत आलेल्याचं. मी खोलीत अंधार केला, मोबाईलचा टॉर्च कडेला अगदी तिरपा धरला, तेव्हा नंबरातले शेवटचे दोन आकडे सावलीसारखे दिसले, पुढे 'सिपॉय'मधली दोन अक्षरं, मग मोठी रिकामी जागा आणि मग 'सखाराम'. सखाराम हे बापाचं नाव. त्या काळी पदकावर पुष्कळदा आडनाव नसायचं, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. म्हणजे जे अक्षर वाचलं ते दोघा भावांना सारखंच लागू, आणि ज्या अक्षरांनी दोघांत फरक झाला असता नेमकी तीच गेलेली. दोन तास बसलो होतो, काही उपयोग झाला नाही.

तर माझी पद्धत अशी. पदकाला पावडर, चिंच, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. काळं पडलंय ना, पडू दे, त्या काळेपणानेच कोरलेलं अक्षर उठून दिसतं. कोरड्या सुती कापडात धरायचं, खिडकीपासून लांब बसायचं, टॉर्च एका बाजूने तिरपा, आणि कडेचे गोल फिरवत आठ फोटो काढायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोतली दोन-तीन अक्षरं आली पाहिजेत. मग वहीत जसं दिसतं तसंच उतरवायचं, स्पेलिंग सुधारायचं नाही, अंदाजाने जागा भरायची नाही, जिथे दिसत नाही तिथे टिंब. सराफाकडे 'जरा पॉलिश' करायला तर अजिबात द्यायचं नाही. पूजा करायचीय तर खुशाल करा, फूल वाहा, कुंकू समोरच्या चेहऱ्याला लावा, कड तेवढी सोडा.

हेच पदक तांब्यासारख्या लालसर धातूचं असेल तर ते नकली समजून टाकू नका. चांदीचं पदक लढणाऱ्यांना दिलं, ब्राँझचं मजूर पलटणीतल्या आणि तशा कामगारांना. एका घराने ते 'डुप्लिकेट' म्हणून पोरांना खेळायला दिलं होतं आणि हरवलं. खेचरं हाकणारे, ओझी वाहणारे, रस्ते आणि रेल्वे बांधणारे, अगदी तुरुंगातून सुटकेच्या बोलीवर नेलेले कैदीसुद्धा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होते. त्यांच्याशिवाय एक पलटण आठ दिवस टिकली नसती. पणजोबा 'नुसते' खेचरवाले होते म्हणून माहिती दडवणारी माणसं मला भेटलीत, तेव्हा फार वाईट वाटतं.

दुसरी चूक: प्रत्येकाला कूतला पाठवणं

घरात 'पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते' एवढंच सांगितलेलं असतं. मग कोणीतरी नेटवर वाचतं की बसऱ्याच्या वर टायग्रिस नदीच्या वळणावर कूत-अल-अमारा नावाचं गाव आहे, तिथे जवळपास पाच महिने तुर्की फौजेचा वेढा पडला होता, आणि झालं, पणजोबा कूतचे वीर. गावच्या कार्यक्रमाला फ्लेक्सवर तसं छापलं जातं आणि पुढच्या पिढीला तोच इतिहास.

कूतचा वेढा 7 डिसेंबर 1915 ला सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 ला आतल्या इंग्रजी फौजेच्या जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शरणागती दिली. आत अडकलेल्या फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन, आणि इथे दुसरा घोळ होतो, पूना म्हणजे सगळे पुण्याचे आणि मराठेच असं लोक धरतात. तसं नाही. त्यात गोऱ्या पलटणी होत्या, पंजाबी होते, राजपूत होते, खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे पूल-खंदक बांधणाऱ्या सैनिकांच्या, कंपन्या होत्या. मराठा पलटणी तीन, 103, 110 आणि 117. 105 नंबरची पलटण मेसोपोटेमियात नंतर आली, आणि 114 नंबरने नाव कमावलं ते ऑक्टोबर 1918 मध्ये उत्तर इराकमधल्या शरकतच्या लढाईत, म्हणजे कूत पडून अडीच वर्षं झाल्यावर. त्यामुळे पलटणीचा नंबर कळल्याशिवाय कूतचं नाव घ्यायचंच नाही.

नंबर कळला तरी थांबा, कारण 103 चा प्रत्येक माणूस आत नव्हता. काहीजण आधीच जखमी होऊन बसऱ्याला किंवा मुंबईला परतले होते, काहीजण नव्याने भरती होऊन मागून आले आणि बाहेरच राहिले. मी इथे एक गोष्ट बघतो. 1914-15 स्टार नावाचं चांदणीच्या आकाराचं ब्राँझचं पदक असतं, ते 1915 संपायच्या आत लढाईच्या मुलखात पोचलेल्यांनाच मिळालं, नाव मागच्या बाजूला कोरलेलं. कूतच्या आतला माणूस त्या तारखेच्या आधी पोचलेला असणारच, म्हणजे त्याचा स्टार असायला हवा. घरात फक्त गोल पदकं असतील आणि स्टार कधी होता असं कोणालाच आठवत नसेल तर मी कूत लिहीत नाही. स्टार असला तर 'शक्य आहे' लिहितो, 'होते' लिहीत नाही.

एका गावच्या स्मरणिकेसाठी मला मजकूर तपासायला दिला होता. एका सैनिकाच्या नावापुढे अख्खं पान कूतच्या उपासमारीचं. ती उपासमार खरीच भयंकर होती, शेवटी शेवटी घोडी आणि खेचरं मारून खायची वेळ आली, आपल्या लोकांनी धर्मामुळे कित्येक आठवडे ते मांस नाकारलं आणि एप्रिलपर्यंत अनेकांचे हिरडे सुजून रक्त यायला लागलं होतं, वेढ्यात दळायला दगड नव्हते म्हणून जात्याचे दगड विमानातून टाकले होते. हे सगळं त्या पानावर होतं, फक्त ज्याच्या नावावर होतं तो माणूस 114 चा होता, पदकाच्या कडेवर स्पष्ट कोरलेलं. मी सांगितलं तर उत्तर आलं की 'छपाईला गेलंय, आणि कूत वाचायला भारी वाटतं'. या घाईचा मला खरंच राग येतो. त्या माणसाने 1918 च्या शरकतपर्यंत जे सोसलं ते काय कमी होतं, की त्याला दुसऱ्याची भूक चिकटवायची?

आता बाकीच्या पटापट.

गावच्या संगमरवरी पाटीवर 1914-1919 लिहिलेलं असतं, त्यात कोणीही 9 खोडून 8 करायला सांगू नका. युद्ध संपवणारा व्हर्सायचा तह जून 1919 मधला आहे आणि विजयपदकाच्या मागेपण 1914-1919 हेच कोरलंय. सातारा तालुक्यातलं अपशिंगे, ज्याच्या 46 जणांनी त्या युद्धात जीव दिला, अशा गावांच्या पाट्या आधी शांतपणे वाचा, मग दुरुस्त्या सुचवा.

जिल्हा जुना घ्या. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यात, सिंधुदुर्ग रत्नागिरीत, रायगडचं नाव कुलाबा. 'सांगली' टाकून शोधता आणि मग काही सापडत नाही म्हणता.

पहिलं आणि दुसरं महायुद्ध एकात कालवू नका. घरात इटली आलं की दुसरं. नुसतं बसरा किंवा इराक आलं तर दोन्हीपैकी कुठलंही, कारण दुसऱ्या युद्धातही आपली फौज इराकमध्ये होती. अशा वेळी पदकावरचा राजा बघा, दाढी असली तर पाचवा जॉर्ज, नसली तर सहावा.

पलटणींचे नंबर 1922 च्या सुमारास बदलले. 103 ची झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, 117 ची पाचवी. पेन्शनच्या कागदावर एक नंबर आणि पदकावर दुसरा, म्हणून कागद खोटा ठरवू नका.

इंडिया गेटवर नाव नाही म्हणजे माणूस मेलाच नाही, असा निष्कर्ष मी तिघांकडून ऐकलाय. तिथे 13 हजारांच्या वर नावं आहेत, त्यात वायव्य सरहद्दीवरचे आणि 1919 च्या अफगाण युद्धातलेही आहेत, आणि त्या महायुद्धात गेलेले हिंदी सैनिक सत्तर हजारांच्या पुढे. बसऱ्याच्या स्मारकाची तर वेगळीच दुखरी गोष्ट आहे, तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. तिथल्या भिंतीचा फोटो मागवून नाव शोधत बसू नका, नाव स्मारकाच्या रजिस्टरात शोधा.

लाहोरला सापडलेल्या पंजाबच्या सैनिकांच्या नोंदी नेटवर आल्यापासून लोक त्यात शिंदे, पवार, जाधव शोधतायत. त्या पंजाबच्या आहेत.

महार समाजातल्या कोणाचा शोध असेल तर 'महारांची भरती बंद होती' एवढ्यावर सोडू नका. आधी बंद केलेली भरती माणसं कमी पडल्यावर उघडली, 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. त्या दोन-चार वर्षांतली माणसं कितीतरी घरांत विस्मरणात गेलीत.

कोकणातल्या घरांनी फक्त पलटणी बघू नयेत. जहाजांवर खलाशी म्हणून गेलेले कित्येक जण समुद्रातच गेले, त्यांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहेत.

हैफाच्या लढाईचे मेसेज मराठा पलटणीच्या नावाने फॉरवर्ड करू नका, 23 सप्टेंबर 1918 ला तिथे जोधपूर आणि म्हैसूरचे लान्सर्स, म्हणजे भालेवाले घोडदळ, होते. आणि फ्रान्समधल्या शीख सैनिकांचे फोटो साताऱ्याचे म्हणून फ्लेक्सवर लावणं बंद करा, फेट्यावरून लहान मूलही ओळखेल.

शेवटची चूक सगळ्यात जास्त दिसते. कागद आणि पदकं सगळी पुरुषांकडून घेतात आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना कोणी विचारत नाही. 'त्यांना काय माहीत, त्या तर बाहेरून लग्न होऊन आलेल्या' म्हणतात. अहो, त्यांनीच सासवांच्या तोंडून ऐकलंय सगळं, जात्यावर, चुलीपाशी. मी आता पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो, आणि पदकाबद्दल विचारत नाही, विचारतो की खबर कधी आली, कोणी आणली, पैसे कोणाच्या नावे यायचे, मानमोडीच्या साथीत घरातलं कोण गेलं. 1918 ची साथ विचारलीच पाहिजे, नाहीतर लढाईतून सुखरूप परत येऊन घरी तापाने गेलेला माणूस नातवंडं रणांगणावर मारून टाकतात.

कोरेगावकडच्या एका घरात मुलांनी पणजोबांच्या फोटोखाली मृत्यूची तारीख 29 एप्रिल 1916 घातली होती. पलटण 110, कूतमध्ये होते हे पक्कं, स्टार घरात होता. पण 29 एप्रिल ही शरणागतीची तारीख, त्या दिवशी सुमारे 13 हजार माणसं कैद झाली आणि त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुढे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. कोण कुठे पडलं याची खबर घरी यायला वर्षं लागली. मी हे मुलांना समजावत होतो तेवढ्यात आतून त्यांची आजी म्हणाली, आमच्या आजेसासूबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं हो, कैदेत आहेत म्हणायच्या, लढाई संपून दोन दिवाळ्या झाल्या, गावातले बाकीचे आले, तेव्हा पुसलं.

फोटोखालची तारीख त्यांनी काढली. माझ्या वहीत त्या माणसाच्या पानावर मृत्यूच्या रकान्यात टिंब आहेत, आणि खाली वेगळ्या ओळीत आजेसासूबाईंच्या त्या दोन दिवाळ्या लिहून ठेवल्यात.