फेटिश आर्ट बघायला आणि जमवायला सुरुवात कशी करायची, आणि चित्रातलं खरं करायच्या आधी काय बघायचं

(फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी)

फेटिश आर्ट म्हणजे टाचा, लेदर, दोरी अशा गोष्टींच्या कामुक ओढीवरची चित्रं आणि फोटो. नवीन लोक सहसा आजच्या चकचकीत लेटेक्सच्या (अंगाला चिकटणाऱ्या रबरी कपड्यांच्या) फोटोंपासून सुरू करतात आणि चार दिवसांत कंटाळतात, कारण सगळं एकसारखं दिसायला लागतं. माझं ऐका, १९४६ पासून सुरू करा. त्या वर्षी जॉन विली या नावाने काम करणाऱ्या जॉन कूट्सने ‘बिझार’ हे छोटं मासिक काढलं, ते अधूनमधून का होईना १९५९ पर्यंत निघत राहिलं, आणि त्याची पुनर्मुद्रणं आज मिळतात. चित्रं तर बघाच पण वाचकांची पत्रं अजिबात सोडू नका. उंच टाचा, कॉर्सेट (कंबर आवळणारा कपडा), बायकांचे कपडे घालणारे पुरुष, सगळ्यावर लोक मन मोकळं करून लिहितायत, आणि ‘मी एकटाच असा नाही’ हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळत असणार. मला तर चित्रांइतकीच ती पत्रं भिडतात.

मग पोस्टाने फोटो विकणारा न्यूयॉर्कचा अर्व्हिंग क्लॉ आणि त्याची बहीण पॉला. मॉडेल बेटी पेजचे १९५० च्या दशकातले बाँडेज (दोरीने बांधण्याच्या खेळाचे) फोटो यांचेच. ते बघताना आधी हे लक्षात घ्या की त्यात नग्नता नाही, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे: माल पोस्टाने जायचा आणि अश्लील ठरलं की थेट खटला. म्हणून सगळा जोर स्टॉकिंग्ज, हातमोजे, दोरी आणि चेहऱ्यावर. एकाच सेशनचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, एकात बेटी डोळे विस्फारून घाबरल्याचा अभिनय करतेय आणि दुसऱ्यात हसू दाबतेय, म्हणजे हा खेळ आहे हे ती लपवतही नाही. १९५५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने क्लॉला बोलावलं, पुढे दबावाखाली त्याने ढिगाने निगेटिव्ह नष्ट केल्या, आणि पॉलाने काही गुपचूप ठेवल्या म्हणून आज आपल्याला बघायला तरी मिळतायत.

इथून दोन वाटा घ्या. एक चित्रकार टॉम ऑफ फिनलंड, म्हणजे टोउको लाक्सोनेन, १९५७ पासून अमेरिकन मासिकात छापून आला, आणि त्याच्या लेदरमधल्या पुरुषांकडे बघताना त्यांचे चेहरे बघा, सगळे आनंदात आहेत, आणि त्या काळात समलैंगिक पुरुष असे ताठ मानेने आणि खुशीत दाखवणं किती मोठी गोष्ट होती. फिनलंडने २०१४ मध्ये त्याची चित्रं टपाल तिकिटांवर छापली. दुसरी वाट जपानची, चित्रकार इतो सेइऊ (१८८२ ते १९६१) आणि युद्धानंतरचं ‘कितान क्लब’ मासिक, आजच्या रोप आर्टची (दोरीने बांधण्याच्या कलेची) बरीच मुळं तिथे सापडतात. प्रत्यक्ष वस्तू बघायच्या असतील तर शिकागोचं लेदर आर्काइव्हज अँड म्युझियम आहे, १९९१ मध्ये सुरू झालेलं.

विकत घेताना घाई नको. चित्र भिंगाखाली धरा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की ते छपाईचं आहे, हाताने काढलेलं नाही, विकणारा काहीही म्हणो. फोटोसाठी अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे, आणि फोटोच्या कागदात ते साधारण १९५० च्या दशकात यायला लागलं, त्यामुळे ‘१९३५ चा ओरिजिनल’ असा चमकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. उलटं मात्र धरू नका, चमकला नाही म्हणून जुनाच असं नसतं. आणि पीव्हीसीच्या स्वस्त प्लास्टिक पाकिटांत कधीच ठेवू नका, ती फोटोला चिकटतात आणि खराब करतात, पॉलिएस्टरची घ्या.

आजच्या कलाकारांकडून घेताना आणखी एक गोष्ट बघा, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची: मॉडेल सज्ञान आहे का, आणि फोटो कुठे कुठे वापरणार हे तिला किंवा त्याला आधी सांगितलंय का. जपानी फोटोग्राफर नोबुयोशी अराकीबरोबर वर्षानुवर्षं मॉडेल म्हणून काम केलेल्या काओरीने २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं की कधी करार झाला नाही आणि फोटो कसे वापरले जातात यावर तिचा ताबा नव्हता. तेव्हा सरळ विचारा. नीट काम करणारा फोटोग्राफर या प्रश्नाने चिडत नाही, आणि जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

आता चित्र बघून स्वतः करून बघावंसं वाटलं तर. कागदावरच्या बाईला नसा नसतात, ती तासन् तास लटकू शकते, तुमचा पार्टनर नाही. कपडे अंगावर असताना, कोणीही प्यायलेलं नसताना, आधी बसून बोला: काय हवंय, काय अजिबात नको, जुनं दुखणं कुठे आहे, सेफवर्ड (उच्चारला की सगळं थांबवायचं असा ठरलेला शब्द) काय. तोंड बांधलेलं असेल तर शब्द निघणार नाही, म्हणून हातात चेंडू द्या, तो पडला की थांबायचं. गळ्याभोवती दोरी नाही म्हणजे नाही. दोरीखाली दोन बोटं जायला हवीत, बोथट टोकाची कात्री हाताशी हवी, आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून पाणी आणायलासुद्धा जायचं नाही. मध्ये मध्ये बोटं हलवायला सांगा, मुंग्या आल्या, बधिर वाटलं किंवा मनगट वर उचलता येईना तर ‘अजून पाच मिनिटं’ करत बसू नका, लगेच सोडा, कारण दंडातली नस (मज्जातंतू) दबली तर हात आठवडे न् आठवडे लुळा राहू शकतो. संपल्यावर पांघरूण, पाणी, शेजारी बसणं, आणि दुसऱ्या दिवशी एक फोन.

फोटो काढले असतील तर ते ऑनलाइन टाकायचे की नाही हे त्याच रात्री ठरवू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, आणि ‘नको’ आलं तर डिलीट करा, बॅकअपमधूनसुद्धा.