कॉन्व्हेंट शाळेत शाळाबाह्य मुलांसाठी जोडीचा वर्ग कसा चालवावा

कोलकात्यात सियालदहच्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी 1985 मध्ये ‘रेनबो’ उपक्रम सुरू केला. रस्त्यावर राहणारी मुले जमेल तेव्हा यायची आणि शाळेतल्या पाचवीपुढच्या मुली कार्यानुभवाच्या तासाला त्यांना शिकवायच्या, एका मुलाला एक मुलगी. कॉन्व्हेंट चालवणाऱ्या सिस्टरांची शाळा आधीपासून चालू असेल, तर नवी इमारत बांधण्यापेक्षा हाच मार्ग धरावा.

वेळापत्रक आधी आखू नका. वस्तीत आठवडाभर फिरून कोणते मूल कधी मोकळे असते ते लिहून घ्या. कचरा वेचणारे मूल पहाटे कामाला जाते. भावंडे सांभाळणारी मुलगी आई घरी आल्याशिवाय निघू शकत नाही. तिला धाकट्यासकट येऊ द्या, कोपऱ्यात चटई टाका. उशीर झाला म्हणून कुणालाही परत पाठवायचे नाही. दोनदा परत गेलेले मूल तिसऱ्यांदा सहसा येत नाही.

पहिल्या दिवशी पाच मिनिटांत पातळी पाहा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथे मूल अडखळते तिथून सुरुवात. वय बारा असले तरी अक्षरापासून करावी लागेल. मात्र अशा मुलाला सहा वर्षांच्या मुलांसोबत बसवू नका, लाजेने येणे थांबेल. जोडीचा हाच खरा फायदा, चूक चारचौघांत होत नाही.

एक बैठक 40 मिनिटांची पुरे: 20 मिनिटे वाचन, 10 लेखन, 10 हिशेब. दहा-बारा जोड्यांमागे एक मोठी व्यक्ती फिरती हवी. प्रत्येक मुलाची एक वही शाळेतच ठेवा आणि शेवटच्या पानावर शिकवणारीने तारीख, आज काय झाले आणि उद्या कुठून सुरू करायचे, अशा तीन नोंदी कराव्यात. ही वही टाळली की वर्ग कोसळतो, कारण शिकवणारी रोज बदलते आणि मूल दर वेळी ‘क’पासूनच सुरू करते.

शिकवणाऱ्या मुलींची नेहमीची चूक म्हणजे मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच लिहून देणे. त्यांना आधी दोन तास सराव द्या: मूल अडले तर मनात दहापर्यंत मोजायचे, मगच सांगायचे. वर्ग उघड्या दाराच्या खोलीत घ्या, दोन मोठी माणसे हजर ठेवा. देणगीदारांसाठी मुलांचे फोटो काढू नका. प्रार्थनेला बसणे ही अट ठेवू नये. पालकांच्या मनात शंका आली की सगळी वस्ती तुटते.

वाचन परिच्छेदापर्यंत आले की प्रवेशाच्या मागे लागा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 4 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. 14 ओलांडल्यावरही आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत राहते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी अडवता येत नाही (कलम 5). मुख्याध्यापकांशी तोंडी वाद घालण्यापेक्षा कलमांचा उल्लेख असलेला अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट सिस्टरांनी लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्याबाहेर ठेवले. कॉन्व्हेंटमध्ये जागा देणे त्यामुळे संस्थेच्या मर्जीवर राहते, तर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत तो मुलाचा हक्क असतो. आपल्याकडे जागा नाही म्हणून मूल अडकवून ठेवू नका.

नाव दाखल झाल्यावर जोडीचा वर्ग लगेच थांबवण्याची घाई होते. पहिले तीन महिने तरी संध्याकाळी तो चालू ठेवा. गृहपाठाला घरी कुणी नसते आणि गळती बहुतेक तिथेच होते. सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली तर चौथ्या दिवशी घरी जा, आणि आधी विचारा की घरात कोण आजारी आहे.