बाभळीचं बी कोरडं टाकू नका

मृग तोंडावर आलाय. बांधावर बाभूळ लावणाऱ्यांना दरवर्षी सांगतो तेच परत सांगतो, बी कोरडं टाकू नका. शेंगा फोडून बी थेट मातीत टाकतात, आठ दिवसांत चार रोपं उगवतात आणि मग "बी वांझ निघालं" म्हणून ओरड होते. बी चांगलंच असतं, साल उघडलेली नसते.

हातात घेऊन बघा. तपकिरी, चपटं बी, अंगावर घोड्याच्या नालेसारखी रेघ. ती साल पाणी आत घेतच नाही. दुष्काळी मुलखातलं झाड आहे, एका सरीवर सगळं बी उगवून पुढच्या उघडिपीत मरू नये म्हणून ही सोय.

पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा, मगच बी टाका. चुलीवर शिजवू नका. त्याच पाण्यात २४ तास राहू द्या. सकाळी फुगलेलं बी जवळजवळ दुप्पट झालेलं असतं, नखाने दबतं. न फुगलेलं वाटीत टाकलं की खडखड वाजतं. त्याला परत गरम पाणी. तरंगणारं भुंग्याने पोखरलेलं असतं, फेकून द्या.

आता घाई आवरा. फुगलेलं बी थांबत नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय भिजवूच नका.

दुकानदार उगवणीचं टॉनिक पुढे करेल. न उघडलेल्या सालीवर टॉनिक ओतून काय होणार? रायझोबियम, म्हणजे मुळांना हवेतला नत्र मिळवून देणारं जिवाणू खत, मात्र किलोभर बियाला २५ ग्रॅम लावा. पाकीट मिळालं नाही तर जुन्या बाभळीखालची मूठभर माती खड्ड्यात टाका. माझा अंदाज आहे, पण रोपं हिरवीगार राहतात.

शेळ्या असतील तर गोठ्यातल्या लेंड्यांतलं बी वेचा. पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, फुकट मिळतं. पण शेळ्यांना नुसत्या शेंगांवर ठेवू नका. हिरवी शेंग विळ्याने कापली की पातं काळंनिळं पडतं, ते टॅनिन, शेंगेतलं तुरट द्रव्य. पोटात तेच चाऱ्यातली प्रथिनं बांधून ठेवतं.

बाकी नेहमीचं:
– खोली दीड-दोन सेंमी
– एका जागी दोन-तीन बिया, नंतर एकच रोप
– पीक जवळ असेल तर सरळ वाढणारी रामकाठी बाभूळ
– पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण

पिशवीत रोप केलंत तर सोटमूळ तळाशी वेटोळं घालायच्या आत लावा. वेटोळं झालेलं झाड पुढे वाऱ्यात आडवं होतं.