आकडे नकोसे वाटत असतील तर कारखान्यात कोणतं काम शोधावं?

दहावीला गणितात काठावर पास झालेली कितीतरी मुलं एमआयडीसीच्या वाटेला जायलाच घाबरतात. 'क्वालिटी' म्हटलं की त्यांना व्हर्निअर आणि दशांश चिन्हं दिसू लागतात. खरं तर तपासणीचं बरंचसं काम नजरेचं आणि हाताचं असतं. ते नेमकं शोधायचं कसं, ते पाहू.

आधी कोणती कामं टाळायची ते ठरवा. सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या मशीनची) सेटिंग, सीएमएम (मापं घेणारं मशीन), मायक्रोमीटरचं रीडिंग घेऊन तक्ते भरणं ही कामं सोडून द्या. तिथे दिवसभर मायक्रॉनशीच, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशीच गाठ असते. पीस मोजणं आणि बॅच नंबर लिहिणं मात्र कुठेच चुकत नाही, तेवढी तयारी ठेवा.

मग जाहिरातीत 'व्हिज्युअल इन्स्पेक्शन', 'फायनल इन्स्पेक्शन', 'चेकर' हे शब्द शोधा. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंगवरचे (ओतीव भागांवरचे) ब्लोहोल म्हणजे हवेची छिद्रं, तडे, राहून गेलेली बर म्हणजे कडेची जादा धातूची धार शोधणारी माणसं लागतात. पेंट शॉपमध्ये ओघळ आणि अडकलेला धुळीचा कण पाहायचा, गारमेंटमध्ये सुटलेला टाका आणि रंगाच्या शेडमधला फरक. वायरिंग हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्यांच्या) कामात वायरींचे रंग ओळखावे लागतात, म्हणून रंगांधळेपणाची तपासणी आधीच करून घ्या. चष्मा असेल तर नंबरही.

मशीन शॉपला एकदम नाही म्हणू नका. तिथलं भोक तपासायचं प्लग गेज तुमच्यासारख्यांसाठीच आहे. त्याचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. भोकातली चिप (धातूचा कीस) आणि तेल पुसायचं, मग गो टोक हलक्या हाताने आत गेलं पाहिजे आणि नो-गो शिरता कामा नये. गो अडलं तर भोक लहान आहे, बहुधा रिवर्क करून, म्हणजे पुन्हा काम करून पीस वाचतो. नो-गो आत गेलं तर भोक मोठं झालंय, पीस लाल बिनमध्ये, म्हणजे रिजेक्ट. व्यास किती, हे तुम्हाला वाचावंच लागत नाही. ते गणित गेज बनवतानाच झालेलं असतं. फक्त गेज कधी दाबून घुसवू नका आणि त्याची कॅलिब्रेशनची (गेज अचूक आहे ना, या तपासणीची) तारीख उलटलेली नाही ना, ते पाहा.

मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: "लिमिट सॅम्पल ठेवता का?" म्हणजे इतपत ओरखडा चालेल, याच्यापुढे नाही, हे दाखवणारा मंजूर पीस. माझ्या मते पगाराइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सॅम्पल नसेल तर महिनाअखेर डिस्पॅचच्या घाईत प्रॉडक्शनचा सुपरवायझर "एवढं चालतं" म्हणणार आणि माल परत आला की बोल तुम्हाला लागणार. सॅम्पल टेबलावर असेल तर नवा माणूससुद्धा ठामपणे 'रिजेक्ट' म्हणू शकतो.

शिकायचं असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे, शिवणकामाचाही. फिटरला दोन वर्षं लागतात आणि त्यात मोजमाप जास्त. अप्रेंटिसशिप मिळाली तर आधी तीच घ्या: स्टायपेंड मिळतो आणि कोणता विभाग आपल्याला झेपतो ते आतूनच कळतं. ठेकेदारामार्फत लागत असाल तर पीएफ आणि ईएसआयचं आधी विचारून घ्या.

रुजू झाल्यावर टेबलावरचा उजेड कमी वाटला तर लगेच सांगा. तासन्‌तास एकच पीस पाहून नजर बधिर होते आणि ढळढळीत तडाही निसटतो. म्हणून मधेमधे जागा बदलून मागा.